कैरोचं मुकं घुंगरू

शेवटची शेंगपोळी आम्ही दुपारी चारच्या सुमाराला खाल्ली. मी एक खाल्ली, माझ्या बायकोनं, मालननं, अर्धी. सोप्यात पाटावर बसलो होतो, भट्टी विझवली होती आणि समोरच्या घरातलं ठोकायचं काम तेवढं चालू होतं. मालननं खुंटीवरची पितळी साखळी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "डोळं मिटा. मुंबई सुटली. सातशेसात हाय, चार इंजनं. बोला पुढं." हा आमचा रोजचा खेळ. कुणी सोंगट्या मांडतं, कुणी पत्ते कुटतं, आम्ही विमान उडवायचो. मी बोट सरकवत गेलो. सहा साध्या कड्या, मग एक घुंगरू, हलवलं तरी न वाजणारं. "कैरो," मी म्हटलं. "कोन झोपलंय?" "शांताकाकू." "मग हळू बोला की, उठतील." इतकी वर्षं हाच विनोद, आणि इतकी वर्षं ती त्याला हसायची. पुढं तीन कड्या आणि एक फूल लागलं. "रोम." डोळे उघडले तर ती पाठ चोळत होती. म्हणाली, "बसा आता रोमात. उरल्यालं उद्या." मी म्हटलं, "अगं, दोनच थांबं ऱ्हायल्यात." तर म्हणते, "विमान काय पळून जातंय व्हय?" अर्धी शेंगपोळी तिनं फडक्यात बांधली आणि डब्यात ठेवली. "ही पन उद्या."

दिवेलागणीला तिच्या छातीत कळ आली. शेजारच्याची जीप काढली, कोल्हापूरच्या रस्त्याला लागलो, पण उजळाईवाडीच्या अलीकडंच ती गेली. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. लिहिण्यासारखं त्यात काही नाही. माणूस होतं आणि नव्हतं झालं.

आपण कसे घडलो हे लिहिणारी माणसं लहानपणाची पानंच्या पानं भरतात. माझं लहानपण ह्या वहीत मागं दोन पानांत आटोपलं, कारण ते तेवढंच होतं. दुसरीतनं शाळा सोडली आणि हुपरीतल्या इतर पोरांसारखा भट्टीपुढं बसलो. चांदी आटवायची, तार ओढायची, कड्या वळायच्या, डाख देऊन सांधायच्या. मिशा आल्या, लग्न झालं, पोरगं झालं, पण मोठा झालो म्हणावं असं काही माझ्यात झालं नाही. खरा मोठा मी पस्तिशी उलटल्यावर झालो. कोण हसायचं ते हसू दे. गावात एसटीडीचे पिवळे डबे नुकते लागले होते आणि रंगीत टीव्ही तीनच घरांत होते, तेव्हाची ही गोष्ट.

घर म्हणजे पुढं सोपा, मागं चूल आणि मधे आम्ही. सकाळी साखर कारखान्याचा भोंगा झाला की गल्लीत एकेक फुंकणी सुरू व्हायची. पैंजणाची जोडणी बायका करायच्या. मालन मांडीवर फडकं पसरून, चिमट्यानं कडीत कडी अडकवत बसायची आणि कड्या कन्नडात मोजायची. ओंदु, एरडु, मूरु. माहेर तिचं गडहिंग्लजच्या पलीकडचं, कर्नाटकाच्या शिवेवरचं. रागावली की कन्नडात, लाडात आली की मराठीत. भाकरी तिची कडक, पापडासारखी मोडायची, तिच्यासंगं भरल्या वांग्याचं एण्णेगाई. आणि शेंगपोळी. दाण्याचा आणि गुळाचा तो वास अंगणात आला की शेजारची म्हातारी काहीतरी निमित्त काढून यायचीच, कधी विरजण मागायला, कधी उगाच. मालन सातवी पास होती. इंग्रजी अक्षरं लावून वाचायची, अडखळत, पण वाचायची. मला सही यायची. सही म्हणजे तरी काय, तेवढं चित्र काढायला शिकलो होतो.

तयार पैंजण कागदात गुंडाळून डबीत घालायचे, म्हणून आम्ही कोल्हापुरातनं रद्दी किलोवर आणायचो. एका दिवाळीनंतर जो गठ्ठा आला त्यात वर्तमानपत्र नव्हतंच. सगळा जाड, गुळगुळीत कागद. विमानांची चित्रं, नकाशे, वेळापत्रकं. मी खूश झालो, असला कागद पैंजणाला बरा. पण मालननं एक नकाशा उचलला आणि चिमटा खालीच राहिला. मुंबईतनं तांबड्या रेघा निघाल्या होत्या, पार जगाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या होत्या, आणि प्रत्येक रेघेवर ठिपके. "हे थांबं हायत," ती म्हणाली. "आपल्या एष्टीगत. मुंबई, कैरो, रोम, पॅरिस, लंडन." मी म्हटलं, "मला वाटलं विमान एकदा सुटलं की सुटलं." "तेल संपतंय की वो त्याचं. वरनं कोन भरनार?"

त्या दिवसापासनं आमच्या घराला ते वेड लागलं. चांगले नकाशे तिनं खळ लावून भिंतीला चिकटवले. मी कड्या वळायचो, ती वाचून दाखवायची आणि मी ऐकायचो. वाचता येत नसलेल्या माणसाचे कान तयार असतात, एकदा ऐकलं की माझ्या डोक्यात बसायचं. प्रवासी घेऊन उडालेलं पहिलं जेट विमान कॉमेट. लंडनहून सुटायचं, रोम, बैरूत, बहारीन, कराची करत मुंबईला यायचं आणि पुढं कोलंबोला जायचं. त्याचं काय झालं तेही त्या कागदात होतं. हवेत उंचावर ती विमानं फुटली, माणसं गेली, आणि शोध लावला तेव्हा कळलं की चीर चौकोनी खिडकीच्या कोपऱ्यापासनं गेली होती. हे वाचून मालननं चिमटा खाली आपटला. "अय्यो! चौकोनी कडी कोपऱ्यातच मोडती, हे हुपरीत शेंबड्या पोराला म्हाईत हाय. एवढी शिकल्याली मानसं, हितं येऊन एका बाईला इचारायचं हुतं की." नंतरच्या विमानांना खिडक्या गोल कोपऱ्याच्या झाल्या म्हणे. ते ऐकल्यावरच ती पुढचं पान उलटायला तयार झाली. मग कॅरावेल. त्याची इंजनं शेपटीजवळ, म्हणून आत आवाज कमी, आणि खिडक्या तिकोनी, कोपरे मऊ केलेल्या. ते आपल्या देशातल्या देशात फिरायचं. मग सातशेसात, चार इंजनांचं, मालनचं लाडकं. आणि मग जंबो, दोन मजली. जंबो आलं आणि पुढं पुढं विमानं लांब उडायला लागली, मधले थांबे गळत गेले. नव्या नकाशात बैरूतचा ठिपकाच नव्हता. हे तिच्या जिवाला लागलं. तिच्या माहेरच्या फाट्यावर विनाथांबा गाडी थांबायची नाही, लहानपणापासनं तिनं धुरळा खात ती गाडी बघितली होती. "मधल्या गावच्यांनी करायचं काय मग?" ती म्हणायची. "नुसतं वर बघायचं?"

गल्लीत माझं नाव पायलट पडलं. चहाच्या टपरीवर गेलो की कुणीतरी विचारायचंच, "काय पायलट, आज कुटं मुक्काम?" मीही कमी नव्हतो. "बहारीनला. येतोस का सामान उचलायला?" गंमत होती. पण खरं सांगतो, त्या गमतीत मी पहिल्यांदा हुपरीच्या बाहेर बघितलं.

त्या गठ्ठ्यात एक पान निराळं होतं. सातशेसातचं वेळापत्रक, आणि समासात पेन्सिलीनं बारीक मराठी अक्षर. मालननं ते मला एकदाच वाचून दाखवलं होतं. कुणी एक माणूस बायकोला घेऊन लंडनला जाऊन आला होता आणि प्रत्येक थांब्यापुढं त्यानं बायकोचं काहीबाही लिहिलं होतं. ती कधी झोपली, काय म्हणाली. मालननं ते पान वेगळं काढलं आणि सरळ व्हावं म्हणून माझ्या बसायच्या पाटाखाली घातलं. मला सांगितलंही असेल. ती माहेरी गेली होती त्या दिवशी मुंबईचा माल एसटीनं पाठवायचा होता, गाडीची वेळ झाली होती, कागद संपला होता. पाट उचलला, चांगलं गुळगुळीत पान दिसलं, आठ घड्या घातल्या, पैंजण गुंडाळले, डबी बंद. पान कुठलं हे मला कसं कळणार? माझ्या लेखी सगळी पानं सारखीच.

मालन आली, पाट उचलला आणि मटकन खाली बसली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. दोन दिवस भाकरी वाढायची, पण आदळून. तिसऱ्या दिवशी तिनं पितळेची तार काढली. चांदी नाही, चांदी काम देणाऱ्या शेठची, तिचा गुंजेगुंजेचा हिशोब द्यावा लागायचा. पितळ आमचं होतं. पानावरचं विसरायच्या आत तिनं ते साखळीत घालायला घेतलं. एक साधी कडी म्हणजे एक तास, अंदाजानं. शहर आलं की निराळी कडी. कैरोला ती बाई झोपली होती, म्हणून तिथं खडा न घातलेलं घुंगरू, मुकं. आमच्या धंद्यात मुकं घुंगरू म्हणजे खोट, शेठ माघारी पाठवायचा. तिनं मुद्दाम केलं. रोमला फूल, पॅरिसला पान, लंडनला मोठं घुंगरू. ही जातानाची साखळी. येतानाचे थांबे वेगळे होते, म्हणून दुसऱ्या पायाची साखळी वेगळी. जिनिव्हाला पितळेचा वितळलेला थेंब, बैरूतला लाट. दोन्ही पायांची नक्षी वेगळी असलेली जोडी अख्ख्या हुपरीत पहिल्यांदा झाली असेल. माझ्यापुढं टाकून म्हणाली, "आता ह्याच्यात ऱ्हाऊ दे. आनी तुमी पाट करा. ही शिक्षा हाय." मी पाठ केलं. बोटांनी.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. सकाळच्या गाडीनं एक म्हातारा आला. कडक इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हातात कापडी पिशवी. सोप्याच्या दारात उभा राहून त्यानं भिंतीकडं बघितलं आणि चेहराच बदलला. "पावणं," मला म्हणाला, "ती रद्दी तुमी न्हेली व्हय?" त्याचं नाव रावसाहेब. मुंबईच्या विमानतळावर त्यांनी उभा जन्म मेकॅनिकचं काम केलं होतं आणि निवृत्तीनंतर कोल्हापुरात लेकाकडं राहायला आले होते. दिवाळीच्या साफसफाईत सुनेनं त्यांची ट्रंक रद्दीत घातली. रद्दीवाल्याला विचारत विचारत, दोन दुकानं पालथी घालून ते आमच्यापर्यंत पोचले होते. भिंतीजवळ गेले, एकेका नकाशावर बोट ठेवलं. "ह्यो माजा. ह्यो बी माजा. ह्या विमानाचं इंजन ह्या हातानं उतरिवलंय." मालननं त्यांना पाणी दिलं, पाटावर बसवलं. पाणी न पिताच त्यांनी विचारलं, "पेनशिलीनं लिवल्यालं एक पान हुतं बगा. लंडनचं. ते कुटं हाय?"

माझ्या तोंडात आलं होतं की असलं पान आमच्याकडं आलंच नाही. सोपं होतं. मालन माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "आण्णा, ते मी गुंडाळलं. पैंजणाला. मुंबईला गेलं."

"गुंडाळलं? वाचलं न्हाय व्हय त्यावर काय लिवलंय?"

"मला वाचता येत न्हाय."

परक्या माणसापुढं हे मी जन्मात पहिल्यांदा बोललो. आजवर चष्मा विसरलाय म्हणायचो. चष्मा मला नव्हताच.

रावसाहेबांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाले, "शांता गेली तवापासनं रोज सकाळी ते पान बगत हुतो. फोटो हायत तिचं, पन फोटोत ती बोलत न्हाय." आणि उठायला लागले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, हरलेला माणूस उठतो तसे.

मालन म्हणाली, "बसा आण्णा. गेल्यालं पान न्हाय देता येत. पन त्यातलं जेवढं ऱ्हायलंय तेवढं देतो." खुंटीवरची जोडी काढून तिनं माझ्या हातात दिली. मी हळूच म्हटलं, "तूच सांग की, तुला नीट येतंय." तर सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "घालिवलं कुनी? तुमीच द्या."

डोळे मिटले आणि सुरू केलं, "मुंबई सुटली." सहा कड्या लागायला पाहिजे होत्या. दोनच लागल्या आणि पुढं गुळगुळीत थेंब. आता हाही म्हणणार, ह्या अडाण्यानं पान बी घालिवलं आणि वर थट्टा करतोय. मी पुन्हा पहिल्यापासनं बोट फिरवलं, पुन्हा दोनच. तेवढ्यात मालन ओरडली, "आवं, डाव्या पायाचं धरलंय तुमी! येतानाचं हाय ते!"

मी साखळी बदलायला गेलो तर रावसाहेबांनी माझा हात धरला. "असू द्या पावणं. येतानाचंच आदी सांगा. जाताना ती भ्यालेली हुती. येताना बोलाय लागली."

मग मी सांगितलं. "लंडन सुटलं. दोन तास. जिनिव्हा. काकूंनी बरफ मुठीत धरला आणि मूठ उघडली तर पाणी. चार तास. बैरूत. वरनं समुद्र बघून म्हणाल्या, रंकाळ्यापेक्षा मोठा हाय खरा, पन रंकाळ्यागत निवांत न्हाय." इथं रावसाहेब खुदकन हसले. "पाच तास. मुंबई. उतरल्यावर म्हणाल्या, परत न्हाय बया. आणि टॅक्सीत बसल्यावर इचारलं, परत कवा?"

"परत कवा," रावसाहेब म्हणाले. डोळे पुसायचं त्यांना भान नव्हतं.

मग उजव्या पायाची साखळी घेतली. कैरोला मुकं घुंगरू त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कानाशी नेऊन हलवलं आणि विचारलं, "हे वाजत न्हाय?" मालन म्हणाली, "झोपल्यात न्हवं त्या. तुमीच लिवलं हुतं, उठिवलं न्हाय म्हणून." रोमला थंडी, आण्णांचा कोट काकूंच्या अंगावर, बाह्या गुडघ्यापर्यंत. पॅरिसला मी अडलो. साखळीत नुसतं पान होतं. मालन ओशाळून म्हणाली, "तितलं अक्षर पुसट हुतं आण्णा, मला लागलंच न्हाय." रावसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, छताकडं बघितलं, आणि एकदम मांडीवर थाप मारली. "च्या! च्या पांचट हाय म्हणाली. हुपरी-कोल्हापूर सोडा, आख्ख्या विमानाला ऐकू जाईल असं म्हणाली!" आम्ही तिघं हसलो. मला त्या वेळी कळलं नाही, आज कळतं, की पान गेलं तरी माणसाकडचं सगळं गेलेलं नसतं हे त्या हसण्यात त्यांना कळलं होतं. आल्यापासनं तसंच राहिलेलं पाणी ते तेव्हा प्यायले.

मग जेवले. भाकरी, एण्णेगाई, दही आणि शेंगपोळी दोन. मालननं भिंतीवरचे नकाशे वाफेनं काढून द्यायची तयारी दाखवली, तर म्हणाले, "नको. घरी न्हेलं तर सून पुन्हा रद्दीत घालील. हितं वाचनारं मानूस हाय. साखळी बी हितंच असू दे, जोडी फोडू नका. मी येत जाईन." आणि आले की. अमावास्येला आमची भट्टी बंद असायची, ते बरोबर त्या दिवशी यायचे. मालनच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे, इंजनाचं पातं कसं असतं ते भाकरीच्या पिठात काढून दाखवायचे. चारेक वर्षं आले. मग ते गेल्याचं त्यांच्या लेकाचं कार्ड आलं. ते कार्ड मी स्वतः वाचलं.

ते कसं, तेही सांगतो. त्या पहिल्या दिवशी निघताना रावसाहेब मला गाडीपर्यंत चला म्हणाले. फाट्यावर उभं राहून म्हणाले, "पावणं, राग मानू नका. शांताला वाचाय येत न्हवतं, म्हणून मी लिवत हुतो. तुमचं उलटं हाय. सगळं मालन वाचती, मालन ध्यानात ठेवती. मग मालनचं कोन लिवनार?" गाडी आली, ते गेले, आणि मी धुरळ्यात तसाच उभा. घरी येऊन मालनला म्हटलं, "मला शिकीव." ती हसली नाही. तिनं ग गणपतीचा वगैरे काढलाच नाही. भिंतीवरचा नकाशा घेतला, त्यावर प्रत्येक ठिपक्याशेजारी मराठीत नाव लिहिलं आणि म्हणाली, "गावं तर तुमाला पाट हायतच. आता त्यांची तोंडं वळकायची." मी पहिलं वाचलेलं अक्षर रोमचा रो. पस्तिशी ओलांडलेला बाप्या भिंतीपुढं उभा राहून बोट ठेवून रो म्हणत होता आणि दारातनं शेजारची म्हातारी बघत होती. "पायलट शाळंत गेला," गावभर झालं. झालं तर झालं. वर्षभरात मी एसटीच्या पाट्या वाचायला लागलो, मग दवाखान्याच्या, मग पेपर. माणूस मोठा होतो म्हणजे काय होतो, तर त्याला दुसऱ्याला विचारावं लागत नाही की ही गाडी कुठं जाते.

एकदा उजळाईवाडीला, कोल्हापूरच्या विमानतळावर, विमान येतं कळलं म्हणून आम्ही डबा घेऊन बघायला गेलो. तारेच्या कुंपणाबाहेर बसलो, भाकरी सोडली. विमान आलं, लहानसं, पंख्याचं. मालन तोंडात घास तसाच ठेवून बघत राहिली आणि मग म्हणाली, "ह्याला तर पंखा हाय वो! आपलं जेट कुटं हाय?" जेट उतरायला लांब धावपट्टी लागते, मी तिला सांगितलं. ते मी स्वतः वाचलेलं होतं. ती माझ्याकडं अशी काही बघत होती, जणू मीच ते विमान उतरवलं होतं. आम्ही कधी विमानात बसलो नाही. पुढं लेकानं तिकीट काढतो म्हटलं, ती म्हणाली, "सातशेसात असंल तर सांग." नात आता फोनवर शोधून सांगते की सातशेसातमधनं माणसं नेणं जगात कुठं चालत नाही. मी म्हटलं, आमच्या सोप्यातनं रोज नेत होतो.

वाचायला शिकलो, पण लिहायला काही केलं नाही. मालन मागं लागायची. "आज काय केलं ते दोन ओळी लिवा." मी म्हणायचो, "लिवायचं काय? सगळं तर हितंच हाय. तूच हायस." एवढं बोलून मी सुटायचो. रावसाहेबांचा प्रश्न तसाच फाट्यावर उभा.

तिला माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. घरात पाहुणे आडवे तिडवे झोपले होते, लेक भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला होता. शेजारच्यांनी आणून दिलेल्या भाकऱ्या बुट्टीत तशाच होत्या. मागं जाऊन डबा उघडला. फडक्यात अर्धी शेंगपोळी होती. उद्या म्हणाली होती. ते उद्या कधीच येऊन गेलं होतं, घरात कुणाचं लक्ष नव्हतं.

सोप्यात आलो. खुंटीवरची साखळी काढली, उजव्या पायाची, नीट बघून. डोळे मिटले नाहीत. सहा कड्या, कैरो. मुकं घुंगरू धरून थोडा थांबलो. तीन कड्या, रोम. तिथं बोट धरून ठेवलं. मग तारेवर खुणा करायची पेन्सिल घेतली आणि भिंतीवरच्या नकाशापुढं उभा राहिलो. रोमच्या ठिपक्याशेजारी तिचं अक्षर होतं, त्याच्या खाली थोडी जागा होती. लिहायला लई वेळ लागला. अक्षरं एक मोठं एक बारीक झाली, आणि ळ मला दोनदा काढावा लागला.

"रोम. मालन. शेंगपोळी अर्धी खाल्ली. उरलेली उद्या म्हणाली."

माझ्या हातानं लिहिलेलं, सही सोडून, हे पहिलं. आज ही वही लिहितोय ती तिथनं पुढं. बाहेर कारखान्याचा भोंगा झाला. लेक जागा झाला आणि म्हणाला, "बाबा, काय करताय?" मी म्हटलं, "पुढं चाललोय." अर्धी शेंगपोळी मी उभ्या उभ्याच खाल्ली, फडक्याला लागलेले दाणेसुद्धा टिपले, आणि पुढच्या कडीवर बोट ठेवलं. ओंदु, एरडु. पॅरिस.